सातऱ्यावर, जानेवारीत

कोरियाहून आले त्याच्या तिसऱ्या दिवशी
आईचा डबा घेऊन सातऱ्यावर गेले.
आठ दिवस उणे नऊ अंशांत गोठलेलं नाक
भिवापूरच्या वेशीवरच वाहायला लागलं.

ताडपत्रीवर मिरचीचा डोंगर,
भोवती चाळीसेक बाया, तोंडाला दुपट्टे,
आणि बोटांचा तो आवाज,
खुट, खुट, खुट,
ज्यावर माझी बारावीपर्यंतची फी भरली गेली.

"आली वं विमानवाली," पंचफुलाबाई म्हणाली.
"सांग मंग. काय पाह्यलं?"

सेऊलमध्ये राजवाडा पाहिला,
भाड्याचा घोळदार हानबोक घालून;
तो घातला की तिकीट माफ.
"म्हंजे राणीले फुकट," अंतकला म्हणाली,
"हे तं सगळीकडंच हाय."
बुसानला पहाटेचा मासळीबाजार,
म्हाताऱ्या आपल्या आठवडी बाजारासारख्याच ओरडत होत्या,
भाषा कळत नव्हती, भाव कळत होता.
ग्योंगजूला राजांची थडगी, गवताचे गोल ढिगारे,
थंडीनं पिवळे पडलेले.
मला वाटलं, कुणी धान मळून तणसाचे ढीग रचलेत
आणि खाली राजे झोपलेत हे विसरून घरी गेलेत.

"अन् खाल्लं काय?"

भात. भातच.
भोवती अकरा वाट्या,
एकीत मिरचीत मुरवलेली आंबट कोबी,
मागाल तितकी, वर पैसे नाहीत.
भुयारी रेल्वेच्या दारात भाजलेलं रताळं घेतलं,
नुसत्या तळव्यांत धरून उभी राहिले
आणि सोलायचंच विसरले.

मग पिशवीतून त्यांच्या तिखटाची पुडी काढली.
खुट, खुट थांबलं.
पुडी हातोहात फिरली.
कुणी चिमूट उन्हात धरली, कुणी हुंगली,
कुणी जिभेवर ठेवून डोळे मिटले,
सराफानं कस लावावा तसं.
निकाल पंचफुलाबाईनं दिला:
"रंग हाय. गोडीबी हाय. धार नाही."
"बी काढून टाकते वाटते," अंतकला म्हणाली, जराशा कीवेनं.

आई एवढा वेळ बोलली नव्हती.
"देठं कोण खुडते तिथं?"

मशीन असेल, मी म्हणाले.
"असंल. म्हंजे पाह्यलं नाही."

नव्हतं पाहिलं.
फोनमध्ये नऊशे फोटो:
राजवाडा नि मी, बर्फ नि मी, वाट्या नि मी.
जोंजूच्या बाजारातल्या एका फोटोत
माझ्या खांद्यामागं, कडेला अर्धी कापलेली,
एक बाई उकिडवी बसलेली सापडली. पुढ्यात लाल ढीग.
आईनं पदराला बोट पुसून फोटो मोठा केला,
आणखी मोठा,
बाईच्या चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले तरी सोडेना.
हातांपाशी थांबली.

"मोजे हायेत तिले. रबराचे. गुलाबी.
कोपरापावतर."

"मोज्यानं देठ सापडते का बाप्पा," पंचफुलाबाई म्हणाली.
"सापडंल," आई म्हणाली. "सवयीनं."

मी तिच्यासाठी मोजेच आणले होते.
पायांचे. सहा जोड, मांजरांची चित्रं असलेले.

जोंजूच्या खोलीत जमीन गरम होती,
फरशीखालून ऊब खेळवलेली.
पहिल्याच रात्री गादी बाजूला सारून
मी जमिनीला गाल लावून झोपले होते
आणि हे आईला सांगायचं म्हणून
जपून आणलं होतं, पुडीपेक्षाही.

रात्री भांडी झाल्यावर तिनं ताकानं हात धुतले,
नेहमीसारखी पालथी झाली,
दोन्ही तळवे गार फरशीवर पसरून,
आग उतरेपर्यंत.
"थंडी कशी होती वं तिथं?" तिनं विचारलं.

मी तिच्या शेजारी आडवी झाले,
माझेही तळवे टेकवले.
"अशीच," म्हटलं.
"थोडी जास्त."